दोऱ्याने बांधलेला आत्मा

शनिवारी दुपारी चार वाजता माझ्या पुढच्या खोलीत चाळीस-पंचेचाळीस माणसं दाटीवाटीने बसली होती. खोली केवढी, तर दहा बाय बारा. दोघी माझ्या शिवणयंत्रावर रेलल्या होत्या, चौघं खिडकीच्या कट्ट्यावर चढली होती, आणि जिन्यात किती उभी होती ते देव जाणे. दारात चपलांचा असा ढीग की घरी जाताना दोन्ही पायांत आपलीच जोडी आली तर तोच मोठा चमत्कार. ही सगळी माणसं माझ्या मेलेल्या नवऱ्याचं बोलणं ऐकायला आली होती. हे जिवंत होते आणि बोलायला लागायचे, तेव्हा हीच माणसं 'दूध गॅसवर ठेवलंय' म्हणून उठून जायची.

"शांत!" नादबाबा म्हणाले. "लहरी जुळताहेत."

टेबलावर ह्यांनी स्वतःच्या हाताने बनवलेला अँप्लिफायर होता. तबकडीचा बारीक आवाज मोठा करून स्पीकरला देणारं यंत्र. पत्र्याच्या पालथ्या पेटीवर काचेचे पाच व्हॉल्व्ह उभे, आणि त्यांच्या पोटात निखाऱ्यासारखी तांबडी तार. मागे दोन ट्रान्सफॉर्मर, उचलायला गेलं तर कंबर धरेल असे. तबकडी लावलेली नव्हती. तरीही बाजूच्या स्पीकरमधून आवाज येत होता. हूऽऽऽऽ. एकसारखा, न थांबणारा, दम न घेणारा.

नादबाबांनी उजवा हात पुढे केला. मनगटात तीन बोटं रुंद तांब्याचं कडं होतं.

"हे मुक्त जीवा, तू इथे आहेस का?"

आवाज खाली उतरला, जाड झाला, घुमला.

"हो म्हणताहेत," नादबाबांनी खुलासा केला. सगळ्या खोलीने एकदम श्वास सोडला. "तुला तिथे काही दुःख?"

हात मागे आला. आवाज चढत चढत शिट्टीएवढा बारीक झाला.

"नाही म्हणताहेत."

"दुःख कसलं असणार," जिन्यातून कुणीतरी कुजबुजलं, "सुटले बिचारे."

मी नुसतं मान वळवून पाहिलं. बोलणारा पायरीवर खालीच बसला.

हे सगळं सुरू झालं ह्यांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी. चाळीस वर्षं ह्यांनी याच खोलीत लोकांचे रेडिओ दुरुस्त केले, आणि फावल्या वेळात हा अँप्लिफायर बनवला. हे गेल्यावर वर्षभर तो कपड्याखाली झाकलेला होता. त्या दिवशी घरात माणसं जमली, तेव्हा माझ्या थोरल्या मुलाला वाटलं की बाबांची आवडती तबकडी लावावी. त्याने प्लग लावला, व्हॉल्व्ह तापले, आणि सुई तबकडीला टेकायच्या आतच पहिला हूऽऽऽ निघाला. माझ्या वन्सं, म्हणजे आमच्याकडेच राहणारी ह्यांची धाकटी बहीण, हातातला कप टाकून उभ्या राहिल्या.

"दादा!" त्या म्हणाल्या. "दादा अस्साच हाक मारायचा मला. गल्लीच्या तोंडापासून!"

झालं. थोरल्याचे डोळे भरले, शेजारणीचे भरले, आणि संध्याकाळपर्यंत बातमी चार गल्ल्या पालथ्या घालून आली. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा बेकरीवाला, आत्म्यांशी बोलतात म्हणे अशा नादबाबांना घेऊन हजर. त्यांनी यंत्राभोवती तीन चकरा मारल्या, इथे हात ने, तिथे हात ने असं बराच वेळ चाचपून पाहिलं, आणि डोळे मिटून जाहीर केलं की आत्म्याने नादरूप धारण केलं आहे आणि तो फक्त साधकाशी बोलेल. साधक कोण, हे विचारायची गरज नव्हती. इतरांनी यंत्रापासून तीन हात लांब राहायचं. का, तर अशुद्ध लहरी.

खोटं कशाला बोलू, मलाही ते बरं वाटत होतं. वर्षभर ज्या घराकडे कुणी फिरकलं नव्हतं, तिथे दर मंगळवारी आणि शनिवारी पाय ठेवायला जागा नाही. बायका मला पुढे बसवत. पाण्याचा तांब्या आधी माझ्याकडे येई. मी विधवा होते ती एकदम एका बोलणाऱ्या आत्म्याची बायको झाले. हा मान गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

पण त्या शनिवारी नादबाबांच्या अंगात जरा जास्तच उदारपणा आला.

"माताजी," ते माझ्याकडे वळले, "आत्म्याने आपल्याला माफ केलं आहे."

"कशाबद्दल?"

"सर्व अपराधांबद्दल." आणि यंत्राने जाड आवाजात होकार भरला.

माफ? मला? सगळ्या संसारात मला माफ करायची हिंमत ह्यांनी एकदाही केली नव्हती. चूक माझी असली तरी माफी ह्यांनीच मागायची, असा आमच्या घरचा रिवाज होता, आणि त्यावर दोघंही सुखी होतो. मरून माणूस इतका बदलतो? माझ्या मनात तिथे पहिला खडा पडला. पण लोकांसमोर काय बोलणार? मी गप्प बसले. माझ्या गप्प बसण्याचीही ती पहिलीच वेळ असावी.

त्यानंतर नादबाबा वन्संकडे वळले. "भगिनी, आपण काही औषध घेता?"

"घेते ना. हृदयाच्या दोन गोळ्या. सकाळी एक, दुपारी एक."

नादबाबा यंत्राला विचारून आले. "बंधू म्हणतात, औषधाची कंपनं आड येतात. त्यांचा शब्द तुमच्या हृदयापर्यंत पोचत नाही. आठवडाभर गोळ्या वर्ज्य करा. पुढच्या शनिवारी मी यंत्र आणि आपण, दोघांना माझ्या साधना-दालनात घेऊन जाईन. तिथे भावा-बहिणीच्या मध्ये काही उरणार नाही."

वन्संनी हात जोडले. यंत्र घुमलं. लोक रडले.

गोळ्या खरोखरच बंद झाल्यात हे लक्षात आलं ते माझ्या सुनेच्या, आणि तेही गुरुवारी. ही थोरल्याची बायको, हृदयाच्या दवाखान्यात आलेख काढायच्या खोलीत काम करते. माणसाच्या छातीला, हातापायांना वायरी चिकटवायच्या आणि कागदावर रेघ उमटवायची. तिला यायला उशीर झाला की मी बोलायची, ओढणी खुर्चीवर टाकली की मी बोलायची. आमचं तसं ठीक चाललं होतं.

त्या दिवशी ती स्वयंपाकघरात आली आणि वन्संच्या गोळ्यांची पट्टी माझ्यापुढे आपटली.

"आई, ही पट्टी भरलेली का आहे?"

"मला काय विचारतेस? त्यांना विचार."

"विचारलं. म्हणतात दादाने बंद करायला सांगितलंय. आई, त्यांचे घोटे बघितलेत? बोट दाबलं तर खड्डा राहतोय. दोन पायऱ्या चढून भिंत धरतात. आमच्याकडे असं गोळ्या सोडून आलेलं माणूस मी बघितलंय."

"मग?"

"मग काय? चाकांच्या खुर्चीवरून आलं आणि स्ट्रेचरवरून गेलं."

मी हातातली सुरी ठेवली. थोरल्याला बोलावलं. हा माझा मुलगा, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत अख्ख्या गावाची तक्रार ऐकून घेतो, पण स्वतःचं मत म्हणून एक वाक्य बोलायचं तर घसा खाकरतो.

"आई, बाबांचाच आवाज आहे तो... निदान आत्याला तसं वाटतं... प्लग काढून टाकू का?"

हे वन्संनी आतून ऐकलं. "प्लग काढलात तर मी आत्ताच्या आत्ता नादबाबांकडे निघून जाईन!" त्या दारात येऊन ओरडल्या, आणि एवढ्या ओरडण्यानेही त्यांना चौकटीला धरून दम खावा लागला. "गोळी घेईन ती दादाने सांगितलं तर. तुम्ही कोण सांगणारे?"

आता शहाणपणा शिकवून उपयोग नव्हता. भावाच्या शब्दावर गोळी बंद झाली होती, तर तो शब्द कुठून येतो तेच वन्संना दाखवायला हवं होतं. शुक्रवारी सकाळी त्या अंघोळीला गेल्या तेव्हा मी आणि सुनेने यंत्राचा प्लग काढला.

"लगेच हात घालू नकोस," मी म्हटलं. "ह्यांचा नियम होता. प्लग काढला तरी आत वीज साठून राहते." आणि ह्यांची लाकडी काठी काढून दिली. तिच्या टोकाला वीज जिरवणारा जाड रेझिस्टर होता आणि त्याला वायरीने जोडलेला चिमटा. चिमटा पत्र्याला लावायचा, टोक वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरला धरायचं, आणि सावकाश वीस मोजायचे. सुनेने ते केलं. मग दोघींनी पेटी आडवी केली आणि तळाचं झाकण उघडलं.

सून वाकली. बघतच राहिली.

"आई, ह्या वायरी कुणी बांधल्या?"

"मी!" मी म्हटलं, आणि म्हणताना मान ताठ झाली. वर्षश्राद्धाला माणसं येणार, त्यात एखाद्याने झाकण उघडून पाहिलं तर? आत नुसता गोंधळ होता. एक वायर ह्या भिंतीने, एक त्या भिंतीने, कोपऱ्या-कोपऱ्यातून लांबच लांब वळसे. पुरुषांचं काम ते असंच. मी आदल्या दिवशी सगळ्या वायरी मधोमध ओढून घेतल्या, एकत्र केल्या आणि जाड पांढऱ्या दोऱ्याने बोटाबोटाच्या अंतरावर गाठी मारल्या. एकही गाठ वाकडी नाही. "बघ कशी सुबक झालीय."

"सुबक?" सून हसू की रडू अशा तोंडाने म्हणाली. "अहो आई, आमच्या खोलीत पेशंटची वायर टेबलपंख्याच्या वायरीला लागून गेली तरी कागदावरची रेघ थरथरायला लागते. डॉक्टर आधी वायरी लांब करायला सांगतात. ही बघा, ही तबकडीकडून येणारी वायर. हिच्यात अगदी नखभर आवाज असतो. आणि ही शेवटच्या व्हॉल्व्हकडून ट्रान्सफॉर्मरला जाणारी. हिच्यात तोच आवाज हजारपट मोठा होऊन येतो. तुम्ही दोघींना एकमेकींच्या मिठीत बांधलंत."

"मग काय झालं? आवाज वायरीच्या आत असतो ना?"

"थोडा शेजारच्या वायरीत उतरतो. उतरला की तो पुन्हा आत जातो, पुन्हा मोठा होतो, पुन्हा उतरतो. तबकडी नसली तरी गोल गोल फिरतच राहतो."

मला ते लगेच कळलं. शाळा तिसरीत सुटली असली तरी गल्लीत राहते मी. ह्या टोकाला मी एकीच्या कानात काही पुटपुटते. ते गल्लीभर फिरून वाढत वाढत त्या टोकाहून माझ्याच कानावर येतं, आणि मी म्हणते, 'अगं बाई, असं झालं का?', आणि पुन्हा पुढे सांगते. मुळात कुणी काही केलेलंच नसतं.

"आणि हात पुढे-मागे केला की आवाज बदलतो, त्याचं काय?"

सुनेने पेटी सरळ करून पहिल्या व्हॉल्व्हकडे बोट दाखवलं. "सगळ्यात नाजूक हा. बाकीचे उघडे असतात, पण ह्याच्याभोवती पत्र्याची कडी दिसतेय. म्हणजे ह्याला पत्र्याचं टोपण असणार. माणसाचं अंगसुद्धा विजेच्या दृष्टीने मोठी वस्तूच. टोपण नसेल तर नुसता हात जवळ आणला तरी फरक पडतो. ते टोपण कुठे गेलं?"

मी शिवणयंत्रापाशी गेले. टोपण तिथेच होतं. घासायला म्हणून काढलं, घासल्यावर इतकं चकचकीत निघालं की परत लावायचं जिवावर आलं. त्यात मी माझ्या दोन पेन्सिली उभ्या केल्या होत्या.

"म्हणजे," मी म्हटलं, "भूत मी बनवलं."

"हो," सून म्हणाली. तिच्या आवाजात समाधान नव्हतं असं मी म्हणणार नाही.

शनिवारी चार वाजता गर्दी पहिल्यापेक्षा दुप्पट. आत्मा आज घर सोडून जाणार म्हणून लोक निरोपाला आले होते. खाली नादबाबांची गाडी उभी होती. वन्सं नेसून, पिशवी भरून, खुर्चीत बसल्या होत्या. ओठांना निळसर झाक आली होती. यंत्र हूऽऽऽ करत होतं.

"जाण्याआधी मला एक विचारायचंय," मी म्हटलं आणि तीन हातांची रेघ ओलांडली.

"माताजी, अशुद्ध लहरी!"

"मला माफ झालंय ना? मग अशुद्ध कशी?" लोक हसले. मी पहिल्या व्हॉल्व्हजवळ हात नेला. "अहो, ऐकताय का? नादबाबा लबाड आहेत का?"

आवाज खाली उतरला, जाड झाला, घुमला.

"हो म्हणताहेत," मी म्हटलं.

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग बेकरीवाला ओरडला, "हे काहीतरी वेगळंच!" आणि नादबाबा त्याच्याहून मोठ्याने: "आत्मा क्रोधित आहे! भ्रमित कंपनं! परतत्त्वाचा स्पंदभंग!"

"स्पंदभंग बसून करा," सून म्हणाली आणि तिने प्लग काढला. हूऽऽऽ बारीक होत विरून गेला.

"वहिनी!" वन्सं खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "दादाला घालवलंस! दुसऱ्यांदा घालवलंस!"

हे मला लागलं. खोटं होतं, तरी लागलं. पण तेव्हा बोलत बसायला वेळ नव्हता. सुनेने काठी लावली, सगळ्यांना ऐकू येईल असे वीस मोजले. आम्ही पेटी आडवी केली, तळ लोकांकडे. मी कात्री घेतली आणि माझ्या सगळ्या गाठी एकेक कापल्या. येणारी वायर ह्या भिंतीला, जाणारी त्या भिंतीला. पेन्सिली काढून टोपण जागेवर बसवलं. प्लग. व्हॉल्व्ह तांबडे झाले.

काही नाही. हात नेला, काही नाही. नादबाबांचं कडं घातलेला हात धरून मीच जवळ नेला, तरी काही नाही.

"पाहिलंत? हाकललं पवित्र आत्म्याला!" नादबाबा म्हणाले.

"थांबा, परत आणते." प्लग काढला, काठी, वीस. टोपण काढलं, वायरी जवळ घेतल्या, दोऱ्याने बांधल्या. प्लग.

हूऽऽऽऽ.

"आता घालवते." पुन्हा सोडल्या, पुन्हा टोपण. चूप. "आता आणते." पुन्हा बांधल्या. हूऽऽऽ. तिसऱ्या खेपेला खिडकीतली पोरं माझ्या आधीच "आता आला!" म्हणून ओरडायला लागली. शिवणयंत्रावर रेललेली बाई म्हणाली, "हे तर माझ्या मिक्सरपेक्षा सोपं आहे." थोरल्याने घसा खाकरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलला: "बाबांनी... बाबांनी वायरी लांब ठेवल्या होत्या त्या उगाच नाही. त्यांना हे माहीत होतं. हा बाबांचा आवाज नाही. ही चूक आहे, जी ते होऊ देत नव्हते."

पण वन्संचा चेहरा तसाच होता. मी त्यांचा हात धरला. थंड होता. त्यांना टेबलाशी आणलं.

"वन्सं, आता तुम्ही विचारा. मध्ये कुणी नको."

त्यांनी पदर सावरला. मग हात पुढे केला. बोटं थरथरत होती, त्यामुळे आवाजही थरथरला.

"दादा, गोळी घेऊ का?"

हूऽऽऽ खाली आला. हो. वन्संनी हात मागे घेतला. आवाज चढला. नाही. पुढे. हो. मागे. नाही. चार वेळा, पाच वेळा. त्या स्वतःच्या हाताकडे बघत राहिल्या, जसं कुणी आपल्याच घरात शिरलेल्या चोराचा चेहरा ओळखावा.

"हे मीच म्हणतेय," त्या म्हणाल्या. "हो पण मीच, नाही पण मीच."

"हो."

"मग पहिल्या दिवशी..."

"पहिल्या दिवशी मी बांधलेल्या गाठी. नंतर ह्या बाबांचा हात." मी नादबाबांकडे बोट केलं, पण तिथे कुणी नव्हतं. गर्दीतून वाट काढत ते जिन्यापर्यंत पोचले होते, आणि चपलांच्या ढिगात वाकून आपल्या शोधत होते. बेकरीवाल्याने विचारलं, "बाबा, जरा लहरी जुळवून बघा ना, कुठेशी आहेत." मग ते एक आपली आणि एक परकी घालूनच खाली उतरले.

वन्सं खुर्चीत बसल्या आणि रडल्या. भाऊ गेल्याचं रडणं एक वर्ष उशिरा आलं होतं. मी मध्ये पडले नाही. रडून झाल्यावर त्यांनी सुनेकडे हात पसरला. सुनेने गोळी ठेवली, पाणी दिलं, आणि दहा मिनिटांत थोरल्याने त्यांना दवाखान्यात नेलं. चार दिवस ठेवून घेतलं. घरी आल्या तेव्हा घोटे उतरले होते. माझ्याशी त्या महिनाभर बोलल्या नाहीत, पण गोळी रोज माझ्यासमोर येऊन, मला दाखवून घ्यायच्या. चालेल. मला बोलणं नको होतं, गोळी हवी होती.

आता तुम्हाला सांगते. यंत्र बोलायला लागलं, मूर्ती घामेजली, भिंतीतून हाक आली, तर हात जोडण्याआधी तळाचं झाकण काढा. कुणी 'तीन हात लांब राहा' म्हटलं की चार पावलं पुढे जा. एकाच माणसाच्या हातून घडतं ते तुमच्या हातूनही घडतं का, करून बघा. थांबवता येतं का, बघा. परत आणता येतं का, बघा. एवढं करायला शाळा लागत नाही. आणि आवाज कुणाचाही असो, मेलेल्याचा, महाराजाचा, नाहीतर माझ्यासारख्या सुबकपणाचा गर्व असलेल्या बाईचा, तो औषध बंद करायला सांगत असेल तर आधी डॉक्टरला विचारा. आपल्या माणसाची आठवण काढायला भूत लागत नाही. जे अजून आहेत त्यांना जिवंत ठेवायला मात्र अक्कल लागते.